ल्युकेमियात ट्रायल शोधायची वेळ: पुढचं औषध सुरू होण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६३ वर्षांचे, आजार एएमएल, म्हणजे ल्युकेमियाचा (ब्लड कॅन्सरचा) वेगानं वाढणारा एक प्रकार. पहिल्या केमोनंतर रेमिशन मिळाली होती, म्हणजे आजार आटोक्यात आला होता, पण वर्षाच्या आतच रिलॅप्स झाला, तो परतला. डॉक्टर म्हणाले, ‘एखादी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, मिळते का तेही बघू या.’ मुलीला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रायल शोधायची कुठे? बाबांवर प्रयोग होणार का? आणि निम्म्या लोकांना औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी देतात, हे खरं का?

ताई, मी रक्तविकारतज्ज्ञ आहे. ल्युकेमियाच्या ट्रायलमध्ये रुग्णांना घेणं आणि पुढे त्यांना सांभाळणं हे माझं रोजचं काम. तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी मला सांगा, बाबांचं पुढचं औषध सुरू झालंय का? झालं नसेल तर उद्या सकाळीच डॉक्टरांना गाठून एवढं विचारा: ‘हे औषध सुरू करायच्या आधी शोधाशोध करायला आपल्या हातात किती दिवस आहेत?’

इतक्या घाईनं हे सांगण्याला कारण आहे. बहुतेक घरांत ट्रायलचा विषय सगळे उपाय थकल्यावर निघतो आणि तोवर बरीच दारं बंद झालेली असतात. रिलॅप्सच्या कित्येक ट्रायलना आधी एक किंवा दोनच उपचार झालेले रुग्ण हवे असतात. ज्या गटातलं औषध तपासायचं आहे त्याच गटातलं औषध आधी घेतलेलं असेल, तर काही ट्रायल सरळ नकार देतात. शेवटच्या औषधाचा अंमल शरीरातून जाईपर्यंत थांबावं लागतं ते वेगळंच. हा काळ बहुधा दोन आठवडे असतो, किंवा औषधाच्या अर्धायुकाळाच्या (शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणाऱ्या वेळेच्या) पाचपट. वेगानं वाढणाऱ्या ल्युकेमियात हे दोन आठवडेसुद्धा अनेकांना परवडत नाहीत. शिवाय दर उपचारागणिक मूत्रपिंड, यकृत, हृदय थोडं थोडं थकतं, आणि ट्रायलला ही सगळी इंद्रियं बऱ्या स्थितीत लागतात. म्हणून माझं सांगणं नेहमी एकच असतं: उपचार बदलायची वेळ आली की दर वेळी, नवं औषध सुरू होण्याआधी, ट्रायलची चौकशी करायची. निदान झाल्या झाल्या, पहिल्या केमोनं रेमिशन आली नाही तर, रिलॅप्स झाल्यावर, बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरवताना, सगळीकडे हेच.

आता थांबता किती येतं, हे आजारावर ठरतं. सीएलएल किंवा स्थिर सीएमएल या हळू वाढणाऱ्या ल्युकेमियांमध्ये शोधायला आठवडे, कधी महिनेही मिळतात. एएमएल म्हटलं की घरचे एक रात्रही थांबायला तयार नसतात, ते साहजिक आहे. पण जर्मनीतल्या २,२६३ एएमएल रुग्णांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात निदान ते उपचार यांमध्ये काही दिवस गेल्यानं रुग्णांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. ते रुग्ण नव्यानं निदान झालेले होते, रिलॅप्सचे नव्हते, आणि प्रकृती स्थिर असणं ही अट त्यात गृहीत आहे. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या असतील, धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल, रक्तस्राव होत असेल, तर ट्रायल बाजूला ठेवून आधी जीव वाचवायचा. एपीएल या एएमएलच्या उपप्रकारात तर नुसत्या संशयावर एट्रा हे औषध सुरू करतात, रिपोर्टचीही वाट बघत नाहीत. एरवी पेशी हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या देऊन काही दिवस काढता येतात, आणि स्क्रीनिंगच्या, म्हणजे ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या तपासण्यांच्या, काळात या गोळ्या बहुतेक ट्रायलना चालतात.

शोध सुरू होतो तो बाबांच्या फाइलपासून. ‘ब्लड कॅन्सरची ट्रायल’ अशी गोष्ट नसतेच. ट्रायल असते ती रिलॅप्स झालेल्या, एनपीएम१ म्युटेशन (त्या जनुकात बदल) असलेल्या एएमएलची, किंवा ट्रान्सप्लांटनंतर एमआरडी (सूक्ष्म तपासणीतच सापडणारा उरलासुरला आजार) परत दिसलेल्या बी-एएलएल या दुसऱ्या तीव्र ल्युकेमियाची. फाइलमधून मला काय हवं असतं ते सांगते. बोन मॅरोचा ताजा रिपोर्ट आणि त्यात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, किती टक्के आहेत तो आकडा. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी. सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. आणि म्युटेशनचा रिपोर्ट: एएमएलसाठी निदान एफएलटी३, एनपीएम१, आयडीएच१, आयडीएच२, टीपी५३ आणि केएमटी२ए जनुकाची पुनर्रचना.

यात एक गोष्ट हमखास सुटते. लोक निदानाच्या वेळचा म्युटेशन रिपोर्ट घेऊन येतात आणि रिलॅप्सनंतर तपासणी पुन्हा केलेलीच नसते. रिलॅप्सच्या पेशी जुन्या पेशींसारख्याच असतील असं नाही. आधी नसलेलं एफएलटी३ नव्यानं उगवतं, किंवा आधी असलेलं नाहीसं होतं. बाबांची रिलॅप्सनंतरची मॅरो झाली असेल तर त्याच सँपलवर ही तपासणी सांगितली आहे का, विचारा. नसेल तर आजच पाठवायला सांगा. एफएलटी३ निघालं तर नुसती ट्रायलच नाही, नेहमीच्या उपचारातलं उत्तरही बदलतं. त्याकडे पुढे येते.

या रिपोर्टांसोबत एका पानाचा गोषवारा स्वतः तयार करा. वरती वय, आजाराचा नेमका प्रकार, निदानाची तारीख. मग कुठलं औषध, कधीपासून कधीपर्यंत, त्याचं काय झालं. खाली सध्या चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक काढे-गोळ्यासुद्धा. मग इतर आजार, शेवटच्या इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आकडा, क्रिएटिनिन, बिलिरुबिन. आणि बाबा दिवसभरात काय करू शकतात याचं खरं वर्णन: स्वतः आंघोळ करतात का, दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का. डॉक्टर याला ईसीओजी स्कोअर म्हणतात: ० म्हणजे सगळं नेहमीसारखं करणारा, आकडा वाढेल तशी प्रकृती खालावलेली. बहुतेक ट्रायल ० ते २ पर्यंतच्या रुग्णांना घेतात. हे पान हातात असलं की कुठल्याही केंद्राशी पाच मिनिटांत कामाचं बोलणं होतं. नसलं तर फोनवर अर्धा तास जाऊनही ‘रिपोर्ट पाठवा, बघून सांगतो’ इथंच गाडी थांबते.

आता कुठे शोधायचं. पहिला माणूस बाबांचे डॉक्टर. त्यांच्याकडे ट्रायल नसेल, पण कोणाकडे आहे हे त्यांना बऱ्याचदा माहीत असतं, आणि एका डॉक्टरनं दुसऱ्याला केलेला फोन तुमच्या दहा ईमेलपेक्षा लवकर पोचतो. दुसरं, ज्या मोठ्या केंद्रात ल्युकेमियाचा स्वतंत्र विभाग आणि ट्रान्सप्लांट युनिट आहे, तिथं सेकंड ओपिनियन. डॉक्टरांना वाईट वाटेल या संकोचानं कितीतरी लोक हे टाळतात. चांगला डॉक्टर स्वतः पत्र लिहून देतो.

तिसरी जागा नोंदणी-पोर्टल. सगळ्यात मोठं अमेरिकेचं क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. ते २००० साली लोकांसाठी खुलं झालं आणि त्यात जगभरच्या ट्रायल असतात. भारताची सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे, युरोपची सीटीआयएस आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपीवर अनेक देशांच्या नोंदी एकत्र शोधता येतात. शोधताना आजाराच्या रकान्यात एएमएलचं पूर्ण नाव, इतर शब्दांच्या रकान्यात म्युटेशन किंवा ‘रिलॅप्स्ड’, आणि स्थितीत फक्त ‘रिक्रूटिंग’ निवडा. ‘ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग’ असं दिसलं तर ट्रायल चालू आहे पण नवीन रुग्ण घेणं बंद झालंय. मग खाली जाऊन केंद्रांची यादी बघा, कारण एकूण ट्रायल खुली असली तरी तुमच्या जवळचं केंद्र बंद असू शकतं. नोंद शेवटची कधी अद्ययावत केली ती तारीखही बघा. वर्षभर कोणी हात लावलेला नसेल तर फोन केल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. आणि ट्रायलचा क्रमांक उतरवून घ्या. अमेरिकी पोर्टलवर तो ‘एनसीटी’ आणि पुढे आठ अंक असा असतो. ट्रायलची लांबलचक नावं एकमेकांसारखी असतात, क्रमांक एकाचाच असतो.

पात्रतेच्या अटींचं पान पाहून लोक घाबरतात. एक अट उदाहरणादाखल घेऊ. समजा, मेनिन इन्हिबिटर गटातल्या (ल्युकेमियाच्या पेशींना लागणारं मेनिन हे प्रथिन अडवणाऱ्या) गोळीची ट्रायल आहे. अटीत असतं: ईसीजीमधला क्यूटीसी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी, तो लांबला तर लय बिघडू शकते) अमुक मिलिसेकंदांपेक्षा कमी हवा, आणि अमुक प्रकारची बुरशीविरोधी औषधं चालू असतील तर चालणार नाही किंवा डोस वेगळा. आता रिलॅप्सच्या बहुतेक रुग्णांना फुप्फुसात बुरशी होऊ नये म्हणून व्होरिकोनाझोल किंवा पोसाकोनाझोल चालूच असतं. ही औषधं यकृतातलं जे एन्झाइम अडवतात त्यावरच ट्रायलचं औषध शरीराबाहेर जाणं अवलंबून असतं, त्यामुळे रक्तातली पातळी वाढते. शिवाय ती स्वतः क्यूटीसी लांबवतात. घरी बसून वाचणाऱ्याला वाटतं, संपलं, बाबा अपात्र. प्रत्यक्षात कित्येकदा बुरशीचं औषध बदलता येतं, पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढल्यावर ईसीजी सुधारतो, पांढऱ्या पेशी २५,००० च्या खाली हव्यात अशी अट हायड्रॉक्सीयुरियानं पुरी होते. काही अटी मात्र खरंच हलत नाहीत: चालू असलेला गंभीर संसर्ग, ट्रान्सप्लांटनंतरचा तीव्र जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला), मेंदूभोवतीच्या द्रवात पसरलेला आजार. कुठली अट कुठल्या जातीची हे तुम्ही ठरवू नका. केंद्राच्या ट्रायल कोऑर्डिनेटरला विचारा.

फोनवर तिला दोन प्रश्न आवर्जून करा. ‘सध्या जागा आहे का, की वेटिंग आहे?’ आणि ‘संमतीपासून पहिल्या डोसपर्यंत साधारण किती दिवस लागतात?’ पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये एकेका डोसला मोजक्याच जागा असतात आणि त्या भरल्या की पुढचा डोस खुला होईपर्यंत थांबावं लागतं. बाबांकडे तेवढा वेळ नसेल तर ती ट्रायल कागदावर कितीही चांगली असो, त्यांच्या उपयोगाची नाही.

‘बाबांवर प्रयोग होणार का?’ हो, प्रयोगच असतो, आणि तो शब्द मी मऊ करणार नाही. पण कुठला प्रयोग, हे टप्प्यावर अवलंबून असतं. पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न असतो की माणसाला किती डोस सोसतो. जुन्या पद्धतीत तीन रुग्णांना एक डोस देतात, साधारण चार आठवडे गंभीर त्रास होतो का बघतात, नसेल तर पुढच्या तिघांना वरचा डोस. म्हणजे सुरुवातीच्या रुग्णांना डोस इतका कमी असू शकतो की आजारावर परिणाम दिसणारच नाही. दुसऱ्या टप्प्यात बघतात की ठरलेल्या डोसनं किती जणांना रेमिशन मिळते. तिसऱ्यात नव्या उपचाराची तुलना आजच्या उत्तम उपचाराशी होते आणि कोणाला काय मिळणार हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो.

पहिल्या टप्प्यातून काय निघू शकतं याची दोन टोकं मी रुग्णांना सांगते. इमॅटिनिबची पहिली ट्रायल १९९८ मध्ये सुरू झाली, इंटरफेरॉन या तेव्हाच्या औषधानं फायदा न झालेल्या सीएमएलच्या रुग्णांवर. २५ मिलिग्रॅमपासून चढत गेले. ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे काऊंट पूर्ण नॉर्मल झाले. २००१ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली आणि सीएमएल या आजाराचं रूपच बदललं. दुसरं टोक मॅग्रोलिमॅब या औषधाचं. सुरुवातीच्या लहान ट्रायलमध्ये त्याचे निकाल एएमएलसाठी आशा लावणारे होते. पुढे मोठ्या तुलनात्मक ट्रायल झाल्या, आणि त्यात औषध घेणाऱ्यांना फायदा तर दिसला नाहीच, उलट मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. २०२४ मध्ये एएमएलमधलं ते काम थांबवलं गेलं. ते थांबलं कारण प्रत्येक मोठ्या ट्रायलवर लक्ष ठेवणारी एक स्वतंत्र समिती असते. ती अधूनमधून आकडे उघडून बघते आणि धोका दिसला तर मध्येच बंद करायला सांगते. ही दोन्ही टोकं मनात ठेवून सही करायची असते. इमॅटिनिबसारखं यश फार थोड्या औषधांच्या वाट्याला येतं.

म्हणून पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये डॉक्टरांना असं विचारा: ‘बाबांना कुठल्या पातळीचा डोस मिळणार? आत्तापर्यंत हा डोस किती जणांना दिलाय? त्यातल्या कोणाला रेमिशन मिळाली का? कोणाला गंभीर त्रास झाला?’ याची उत्तरं मुख्य संशोधकाकडे असतात, आणि तुम्हाला ती विचारायचा पूर्ण हक्क आहे.

साखरेच्या गोळीबद्दल. रिलॅप्स झालेल्या, उपचाराची गरज असलेल्या एएमएल रुग्णाला नुसता प्लासिबो देऊन सोडून देणारी ट्रायल आचारसमिती मंजूर करणार नाही. परिणामकारक उपचार असताना तो काढून घेता येत नाही, हे तत्त्व हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या जागतिक आचारनियमांत, आहे. रिलॅप्समधल्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्याच्या बहुतेक ट्रायलमध्ये प्लासिबो नसतोच, सगळ्यांना औषध मिळतं. मोठ्या ट्रायलमध्ये जिथं प्लासिबो असतो तिथं तो नेहमीच्या उपचारावर जोडलेला असतो. वयस्क एएमएल रुग्णांच्या व्हायल-ए ट्रायलमध्ये ४३१ जण होते. सगळ्यांना ॲझासिटिडीन मिळालं, त्यावर दोन तृतीयांश लोकांना व्हेनेटोक्लॅक्स आणि एक तृतीयांश लोकांना प्लासिबो. आयुष्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४.७ महिने विरुद्ध ९.६ महिने आला, आणि आज ती जोडी जगभर नेहमीचा उपचार झाली आहे.

नुसता प्लासिबो येतो तो जिथं नेहमीची रीत ‘काही न देता लक्ष ठेवणं’ हीच असते तिथं. रेमिशनमधल्या, ट्रान्सप्लांट न होऊ शकणाऱ्या वयस्क एएमएल रुग्णांची क्वाझार ट्रायल तशी होती: ॲझासिटिडीनची गोळी विरुद्ध प्लासिबो, मध्यांक २४.७ विरुद्ध १४.८ महिने. तेव्हा ‘प्लासिबो आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ज्या गटाला नवं औषध मिळत नाही त्याला काय मिळतं?’ हे विचारा. त्या गटाचा उपचार ऐकून तो तुम्हाला मान्य वाटला पाहिजे, कारण चिठ्ठी तिकडेही निघू शकते.

आता निवडीबद्दल. घरात चर्चा सुरू होते ती ‘ट्रायलनं बाबा बरे होतील का?’ या प्रश्नावर, आणि उत्तर कोणाकडेच नसल्यानं ती तिथंच अडकते. तुलना करायची ती ट्रायल आणि ट्रायल न घेतल्यास मिळणारा उपचार यांची. समजा बाबांमध्ये एफएलटी३ निघालं. मग गिल्टेरिटिनिब हे मंजूर औषध आहे. ॲडमिरल या ३७१ रुग्णांच्या ट्रायलमध्ये त्यानं मध्यांक ९.३ महिने दिला, केमोनं ५.६. म्हणजे नव्या ट्रायलला या गोळीच्या तोडीला उतरावं लागेल, आणि डोस ठरवण्याच्या अगदी पहिल्या पायरीवरची ट्रायल असेल तर मी आधी गिल्टेरिटिनिबकडे बघेन. केएमटी२ए पुनर्रचना निघाली तर रेव्ह्युमेनिब हे मेनिन इन्हिबिटर आहे, अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेलं, पण सगळीकडे ते मिळत नाही. जिथं मिळत नाही तिथं त्या गटातल्या औषधाची ट्रायल ही फार मोलाची संधी असते. आणि कुठलंच लक्ष्य सापडलं नाही, टीपी५३ निघालं, नेहमीच्या उपचारातून फारशी आशा नाही, तर ट्रायलचं पारडं आपोआप जड होतं. रुग्ण तोच, ट्रायल तीच, पण फाइलमधली एक ओळ बदलली की माझा सल्ला बदलतो.

ट्रान्सप्लांटबद्दल वेगळं विचारा. ६३ वय आणि बरी प्रकृती असेल तर रिलॅप्सनंतर पुन्हा रेमिशन आणून ट्रान्सप्लांट करणं हेच बहुधा ध्येय असतं. ट्रायलमधून रेमिशन आली तर बाहेर पडून ट्रान्सप्लांटला जाता येईल का? नंतर ते औषध परत सुरू करता येतं का? भावंडांचं एचएलए मॅचिंग (डोनर जुळतो का याची तपासणी) शोधासोबतच सुरू करा. रेमिशनची खिडकी छोटी असते, ती डोनर शोधण्यात घालवू नये.

दिवसांचा हिशेबही करा. पहिल्या टप्प्यात औषधाची रक्तातली पातळी मोजायचे दिवस असतात. सकाळी गोळीच्या आधी एक सँपल, मग अर्ध्या तासानं, तासानं, दोन, चार, सहा, आठ तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. बाबा दिवसभर सलाइनची सुई लावून खुर्चीत. बोन मॅरो नेहमीपेक्षा जास्त वेळा. पहिले चार-सहा आठवडे केंद्राच्या जवळ राहावं लागतं आणि सोबत कोणीतरी लागतं. खर्चाचं लेखी विचारा: ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या प्रायोजक देतो, पण रक्त, प्लेटलेट्स, अँटिबायोटिक, आयसीयू यांचं काय? औषधामुळे इजा झाली तर उपचार कोण करणार? प्रवासाचे पैसे मिळतात का? ट्रायल संपल्यावर औषध लागू पडत असेल तर ते पुढे मिळत राहील का?

संमतिपत्र वीस-तीस पानांचं असतं. ते घरी आणा, बाबांना समजणाऱ्या भाषेतलं मागा, आणि जिथं अडेल तिथं पेन्सिलनं खूण करा. सही केली म्हणजे ट्रायलमध्ये गेलो असं नसतं. सहीनंतर स्क्रीनिंग होतं, तपासण्या होतात, कधीकधी मध्यवर्ती प्रयोगशाळेतून म्युटेशनची खात्री करून घेतात, आणि त्यात नापास होणारे रुग्ण थोडे नसतात. त्या दिवसांत आजार थांबलेला नसतो. म्हणून स्क्रीनिंगच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा: ‘नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी काय सुरू करायचं?’ हा पर्यायी उपचार तयार असेल तर नकाराचा धक्का बसतो, पण वेळ वाया जात नाही.

बाबा कधीही, कारण न देता, ट्रायलमधून बाहेर पडू शकतात, आणि त्यामुळे त्यांचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. फक्त गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून बाहेर पडा. काही औषधं एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

एक धोका मी प्रत्येक घराला तोंडपाठ करून घेते. मेनिन इन्हिबिटर, आयडीएचवरची औषधं, एफएलटी३वरच्या काही गोळ्या अपरिपक्व पेशींना पक्व व्हायला लावतात. त्यात कधीकधी डिफरन्सिएशन सिंड्रोम होतो. ताप, धाप, अचानक वाढलेलं वजन, पायांवर सूज, खोकला. हे पहिल्या आठवड्यांतच काय, महिन्याभरानंतरही होऊ शकतं. जवळच्या दवाखान्यात न्यूमोनिया समजून नुसती अँटिबायोटिक सुरू होतात आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायला उशीर होतो. तो उशीर जिवावर बेततो. ट्रायलचं कार्ड बाबांच्या खिशात आणि तुमच्या फोनमध्ये फोटो करून ठेवा, त्यावर चोवीस तासांचा नंबर असतो. रात्री दोन वाजता धाप लागली तर रात्री दोनलाच फोन करायचा. रोज सकाळी वजन लिहून ठेवायचं.

फसवणुकीचंही सांगायला हवं. ट्रायलमधलं औषध घेण्यासाठी लाखो रुपये मागणारं, ‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणारं, सही आजच करा म्हणणारं, आचारसमितीच्या मंजुरीचं पत्र न दाखवणारं कोणी असेल तर तिथून उठा. पोर्टलवर नोंद दिसते एवढ्यावर भरवसा ठेवू नका. नोंद होणं म्हणजे सरकारनं ट्रायल सुरक्षित ठरवली असं होत नाही, आणि ही सूचना अमेरिकी पोर्टल स्वतःच देतं. स्टेम सेलच्या नावाखाली चाललेल्या काही महागड्या उपचारांनी या नोंदीचाच दाखला देऊन लोकांना ओढलेलं आहे.

हे वाचणाऱ्या इतर रुग्णांसाठी एक गोष्ट. ट्रायल फक्त रिलॅप्सच्या लोकांसाठी नसतात. लहान मुलांच्या एएलएलमध्ये आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत साधारण ९० टक्के मुलं बरी होतात, आणि तिथवर पोचायला दशकानुदशकं एकामागून एक ट्रायल झाल्या, बऱ्याचशा नव्यानं निदान झालेल्या मुलांच्या, त्यातल्या कित्येक उपचार कमी करून बघण्याच्या. प्रौढांच्या बी-एएलएलमध्ये एमआरडी निगेटिव्ह झालेल्या रुग्णांनाही केमोसोबत ब्लिनाटुमोमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध दिलं तर तीन वर्षांनी ८५ टक्के लोक हयात होते, नुसत्या केमोत ६८ टक्के. ‘सगळं ठीक आहे’ असं ज्यांना सांगून झालं होतं त्या लोकांमधला हा फरक आहे. फ्रान्सच्या स्टिम ट्रायलमध्ये तर सीएमएलच्या १०० रुग्णांचं इमॅटिनिब बंद करून पाहिलं. दोन वर्षं आजाराचा मागमूस नसलेले ते लोक होते. वर्षानंतर चाळीसेक टक्के लोकांचा आजार परतला नव्हता. आज जगभर निवडक रुग्णांची गोळी बंद करता येते ती तिथून. तेव्हा निदानाच्या आठवड्यातही हा प्रश्न विचारा.

ताई, शेवटी बाबांबद्दल. तुमच्या पत्रात सगळं आहे, पण बाबांना काय हवंय ते नाही. त्यांना रिलॅप्स झालाय हे सांगितलंय का? संमतिपत्रावर सही त्यांची लागते आणि त्यांना माहीत नसलेल्या आजारासाठी ती घेता येत नाही. काही जण म्हणतात, जमेल तेवढं लढतो. काही म्हणतात, दवाखान्यात आणखी महिना नको, घरी राहू द्या. दोन्ही उत्तरं ऐकून मी पुढचा बेत आखते. ट्रायल नाकारणं म्हणजे उपचार सोडणं होत नाही, आणि ट्रायल घेतली तरी दुखणं, झोप, भूक सांभाळणारी पॅलिएटिव्ह टीम सोबत घेता येते.

कुठलीच ट्रायल जुळली नाही तर औषध कंपनीकडे सहानुभूतीच्या तत्त्वावर औषध मागता येतं. ट्रायलमध्ये बसत नसलेल्या रुग्णासाठी डॉक्टरांनी कंपनीला आणि नियामकाला अर्ज करायचा असतो. घरच्यांना तो परस्पर करता येत नाही. उत्तराला वेळ लागतो, म्हणून ट्रायलचा शोध चालू असतानाच डॉक्टरांना त्याची आठवण करा. आणि म्युटेशनचा नवा रिपोर्ट आला की मला तो, एका पानाचा गोषवारा आणि सापडलेल्या ट्रायलचे क्रमांक इथे लिहून पाठवा. बाबांचं नाव-पत्ता खोडून. कुठल्या ट्रायलला आधी फोन करावा ते मी बघून सांगते.